प्रवासातील शिदोरी : कणकुंबीच्या दोन उतारांवरील वाङ्मय

प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या गाठोड्यात शिदोरी बांधून देण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. ती शिदोरी केवळ भुकेसाठी नसते. परमुलखातही घरची चव जिभेवर राहावी, हा तिचा खरा हेतू. पुस्तकाची शिदोरी मात्र याच्या उलट वागते. चांगले पुस्तक प्रवाशाच्या जिभेवरची घरची चव काही काळ पुसून टाकते आणि ज्या मुलखात तो पाऊल ठेवतो आहे, तेथील अन्नाची, पाण्याची, बोलीची आणि दुःखाची चव त्याला घ्यावयास लावते. हे काम मार्गदर्शिकेचे नव्हे. मार्गदर्शिका उतरण्याची सोय आणि पाहण्याची स्थळे सांगते. स्थळ पाहून झाल्यावरही जे पाहावयाचे राहून जाते, ते वाङ्मय सांगते.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा प्रवास देवदर्शनाच्या निमित्ताने होतो. त्यांना ही कल्पना नवी वाटू नये. प्रत्येक क्षेत्राला त्याचे माहात्म्य असते आणि आपले पूर्वज ते ऐकून, पाठ करून मगच यात्रेस निघत. स्थलमाहात्म्य हे आपल्याकडील आद्य प्रवासवाङ्मयच होय. दगडाला, डोहाला, झाडाला कथा आहे आणि ती कथा कळल्यावाचून त्याचे दर्शन पूर्ण होत नाही, हा विवेक त्याने आपल्याला दिला. त्याची एक मर्यादाही आहे. माहात्म्य देवाचे सांगते. देवळाच्या पायरीशी बसलेल्या माणसाचे सांगत नाही. तेथे आधुनिक कथा-कादंबरीचे काम सुरू होते, आणि ही दोन कामे परस्परांना मारक नाहीत असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाङ्मय बरोबर घेऊन प्रवास करण्याचा प्रश्न आज जगात ज्या प्रदेशाविषयी विशेष तीव्रतेने उपस्थित होतो, तो म्हणजे वेस्ट इंडीजची बेटे. सुट्टी घालविण्यासाठी तेथे जाणाऱ्याला निळा समुद्र आणि पांढरी वाळू दिसते. त्या बेटांतील लेखकांनी मात्र त्या निळाईखालचा इतिहास लिहिला आहे. अँटिग्वाच्या जमैका किंकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' हे १९८८ साली प्रसिद्ध झालेले छोटे पुस्तक तर थेट प्रवाशालाच उद्देशून लिहिलेले आहे. पाऊस पडत नाही म्हणून पाहुणा खूष असतो. ज्यांना तेथेच जन्म काढावयाचा आहे त्यांच्यासाठी तेच न पडलेले पाणी म्हणजे दुष्काळ, हे ती लेखिका त्याला कठोरपणे ऐकविते. त्रिनिदादमध्ये जन्मलेले नायपॉल यांनी 'द मिडल पॅसेज' या १९६२ च्या प्रवासग्रंथात आपल्याच मुलखाकडे परक्या नजरेने पाहिले, आणि येथे काही घडलेच नाही असा निष्ठुर निर्वाळा दिला. त्याच नायपॉलांनी एक वर्ष आधी 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीत तेथील एका हिंदू कुटुंबाचे घरासाठी चाललेले आयुष्यभराचे झगडणे अपार ममतेने रंगविले होते. प्रवासी नायपॉल जेथे काहीच नाही म्हणतो, तेथे कादंबरीकार नायपॉलाला एक सबंध जग सापडते. प्रवासाला निघणाऱ्याने यांपैकी कोणते पुस्तक बरोबर घ्यावे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

याहून बोधप्रद उदाहरण डेरेक वॉलकॉट यांचे आहे. १९९२ चे नोबेल पारितोषिक स्वीकारताना या सेंट लुशियाच्या कवीने जे भाषण केले, त्याचा आरंभ त्रिनिदादच्या फेलिसिटी नावाच्या खेड्यातील रामलीलेने होतो. १८४५ पासून मजुरीच्या कराराने त्या बेटावर नेलेल्या लाखाहून अधिक हिंदी लोकांच्या वंशजांची ती रामलीला. ती पाहताना आपण तिच्याकडे नाटक म्हणून पाहिले, एका हरवलेल्या संस्कृतीचे अवशेष शोधू लागलो; परंतु ती मुले अभिनय करीत नव्हती, त्यांची त्यावर श्रद्धा होती, आणि तेथे शोक नव्हता तर उत्सव होता, हे वॉलकॉट मोकळेपणाने सांगतात. पाहणाऱ्याची दृष्टी कोठे चुकते आणि ती कशी सुधारते, याचे इतके प्रांजळ विवेचन क्वचितच आढळेल. दूरच्या बेटांवरचे हे वाङ्मय आपल्याला एक कसोटी देते. ती आपल्याच घाटमाथ्यावर लावून पाहू या.

२

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवरील या गावी माउलीच्या देवळाच्या परिसरात मलप्रभेचा उगम मानतात. येथून निघालेली मलप्रभा पूर्वेस वळते, सौंदत्तीच्या रेणुका-यल्लम्मेच्या डोंगराजवळून आणि पट्टदकलच्या चालुक्यकालीन मंदिरांवरून जाते, आणि सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगमास कृष्णेला मिळते. परंतु याच परिसरात उगम पावणारा कळसा नाला मात्र म्हादईचे पाणी होतो, आणि म्हादई मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. एकाच वळवाची सर येथे दोन समुद्रांना वाटली जाते.

पुढे ज्या पुस्तकांचा विचार करावयाचा आहे, त्यांपैकी एकही कणकुंबीवर लिहिलेले नाही. तरीही या गावी उभे राहून ती वाचण्यात एक औचित्य आहे. माथ्यावर उभा असलेला मनुष्य दोन्ही उतार पाहू शकतो. दरीत राहणाऱ्याला आपलाच उतार तेवढा दिसतो. आपल्या वाङ्मयविचाराचे असेच झाले आहे. गोमंतकाचे वाङ्मय गोमंतकात वाचावयाचे, बेळगाव-निपाणीचे वाङ्मय सीमाभागाचे म्हणून बाजूस ठेवावयाचे, आणि कोकणी व मराठी यांना तर दोन निराळ्या कपाटांत बंद करावयाचे, अशी विभागणी रूढ झाली आहे. पाण्याने अशी विभागणी मानलेली नाही. गोव्याच्या कदंबांनीही ती मानली नव्हती. घाटावरील हलशी आणि घाटाखालील गोवा ही दोन्ही त्यांच्याच राज्यातील महत्त्वाची स्थाने होती.

३

प्रथम पूर्वेच्या उताराने जाऊ. मलप्रभेच्या काठाने जाणाऱ्या यात्रेकरूचे मोठे ठिकाण म्हणजे सौंदत्तीचा डोंगर. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लक्षावधी लोक तेथे भंडारा उधळावयास जातात. या यात्रेकरूच्या हाती राजन गवस यांची 'चौंडकं' ही कादंबरी द्यावी काय? प्रश्न नाजूक आहे. या कादंबरीत देवीला वाहिलेल्या मुलीची कथा आहे, आणि 'भंडारभोग' या त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत जोगत्या केल्या गेलेल्या पुरुषाची. देवदर्शनास निघालेल्या भाविकाला ही पुस्तके अपशकुनासारखी वाटण्याचा संभव आहे. श्रद्धेवर घाला म्हणून ती दूर सारणारे सज्जन आपल्यात आहेत, आणि त्यांचा हेतू वाईट नाही.

तथापि बारकाईने वाचणाऱ्याला असे आढळेल की, गवस देवीची चेष्टा करीत नाहीत. चौंडक्याचा नाद, परडी, गळ्यातील दर्शन, भंडाऱ्याचा पिवळा रंग या साऱ्यांत जी शक्ती आहे ती त्यांना पुरती ठाऊक आहे. किंबहुना ती ठाऊक असल्यामुळेच त्या शक्तीच्या नावाने एका पोरीच्या आयुष्याचे काय केले जाते, हे ते इतक्या दाहकपणे सांगू शकतात. बाहेरून आलेल्या सुधारकाने लिहिले असते, तर एक तर त्याला केवळ अंधश्रद्धा दिसली असती किंवा केवळ लोककलेची शोभा. वॉलकॉट ज्या चुकीविषयी बोलतात ती हीच. गवसांची भाषा त्या डोंगराच्या वाटेवरची आहे, म्हणून तिला श्रद्धा आणि शोषण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी प्रथेस कायद्याने बंदी केली. कायद्याने प्रथेचा निषेध होतो. त्या प्रथेत सापडलेल्या जिवाची ओळख वाङ्मयाखेरीज अन्य कोणी करून देत नाही.

आता माथ्यावरून पश्चिमेकडे नजर टाकावी. बा. भ. बोरकर यांची 'भावीण' ही कादंबरी १९५० ची, म्हणजे गवसांच्या आधीच्या पिढीची. देवळाच्या सेवेस बांधलेल्या गोमंतकीय स्त्रीचे आयुष्य तिचा विषय. पुढे त्याच समाजात जन्मलेल्या राजाराम पैंगीणकरांनी 'मी कोण?' या आत्मचरित्रात हा प्रश्न स्वतःच्याच मुखाने विचारला. बोरकरांची दृष्टी कवीची आहे. दुःखालाही ते सौंदर्याची किनार लावतात. पैंगीणकरांना ती किनार परवडत नाही. घाटाच्या एका अंगाला जोगतीण, दुसऱ्या अंगाला भावीण. पाणी दोन समुद्रांना गेले, तरी स्त्रीच्या कपाळीचे लिखित दोन्हीकडे सारखेच राहिले. सौंदत्तीस जाणाऱ्याने 'भावीण' आणि फोंड्याकडच्या देवळांना जाणाऱ्याने 'चौंडकं' वाचावी, असे मी सुचवीन. दुसऱ्याच्या देवळातील दोष आपल्याला लवकर दिसतो. तो दिसल्यावर आपल्या देवळाकडेही पाहण्याचे धैर्य येते. भक्तीला यापासून भय नाही. देवीपुढे हात जोडताना बाजूस उभ्या असलेल्या स्त्रीचे तोंड ज्याला दिसले, त्याची भक्ती उणी झाली असे कोण म्हणेल?

४

उत्तरेकडील वाट बेळगाववरून निपाणीस जाते. या वाटेवरील वाङ्मयसंपत्ती एवढी आहे की, कोणत्याही प्रांताने हेवा करावा. इंदिरा संत यांचे बालपण निपाणीजवळच्या तवंदीचे आणि आयुष्याचा मोठा भाग बेळगावात गेलेला. 'मृद्गंध' या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात त्या मातीचा आणि त्या घराचा दरवळ आहे. 'गर्भरेशीम' या काव्यसंग्रहास १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेतील पाऊस प्रवाशाने जरूर अनुभवावा. मात्र तो पाहण्याचा पाऊस नव्हे, सोसण्याचा पाऊस आहे, याचे भान ठेवावे. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांत लंपन नावाच्या मुलाचे विश्व उभे केले. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या या मुलाची मराठी कानडीच्या शेजाराने घडलेली आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही बोली आधी गमतीची वाटते. पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधील रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी ऐकूनही तो असाच हसला होता. पुलंचे श्रेष्ठत्व असे की, ते हसवता हसवता त्या माणसाचे मोठेपण पटवितात. संतांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या कथांत ही बोली कोणाची लकब उरत नाही. जग प्रथमच पाहणाऱ्या मुलाची ती एकमेव आणि संपूर्ण भाषा होते.

निपाणीच्या तंबाखूची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले, हेही अनेकांस स्मरत असेल. परंतु तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई, मोटार हाकणारा ड्रायव्हर, गॅरेजमधील पोरगा यांना मराठी कथेत आणले ते महादेव मोरे यांनी. निपाणीतच पिठाची गिरणी चालवीत या लेखकाने आयुष्यभर लेखन केले आणि २०२४ साली तेथेच त्यांचे निधन झाले. महामार्गावरून निपाणी ओलांडणाऱ्याला जे दहा मिनिटांत मागे पडते, ते मोऱ्यांच्या कथांत थांबून राहिलेले असते. रणजित देसाई यांच्या 'बारी'तही रस्त्याची अशीच उलटी बाजू दिसते. घाटाची वाट प्रवाशाला ओलांडावयाची असते. तेथील बेरडांना मात्र तिच्यावरच जगावयाचे असते.

येथे एक आक्षेप संभवतो. वाङ्मयाचा असा वाटाड्या म्हणून उपयोग करणे म्हणजे त्याला कमी लेखणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर जी. ए. कुलकर्णी यांनी देऊन ठेवले आहे. एकसंब्याला जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि धारवाडला अध्यापन केलेले जी. ए. या मातीचे सर्वश्रेष्ठ कथाकार. परंतु 'काजळमाया' हातात धरून गावे शोधीत फिरणाऱ्याला काहीच सापडणार नाही. त्यांच्या कथेतील रखरखीत माळ, पडकी घरे, उन्हाने पांढरे पडलेले रस्ते या भागात जागोजाग आहेत. तरी ती स्थळे नियतीच्या विचाराने इतकी भारलेली आहेत की, नकाशावर ती बसत नाहीत. 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' या आठवणींच्या पुस्तकातही आठवण आणि कल्पना यांच्या सीमा पुसलेल्याच आहेत. तात्पर्य, थोर वाङ्मय प्रवाशाला स्थळ दाखवीत नाही. स्थळाकडे किती वेळ पाहावे, हे शिकविते. मलप्रभेकाठच्या एखाद्या ओसाड वाड्यापुढे जी. ए. वाचलेला मनुष्य थोडा अधिक वेळ थांबेल. पुस्तकाचा एवढा उपयोग झाला, तरी त्याचा अवमान झाला असे म्हणता येणार नाही.

५

आता चोर्ल्याचा घाट उतरून केरीवरून साखळीकडे जावे. पावसाळ्यात या घाटात धबधबे पाहण्यासाठी मोटारींची रीघ लागते. हिरवाईने भारून गेलेल्या या प्रवाशाच्या ओठी बोरकरांची कविता असणे स्वाभाविक आहे. 'दूधसागर' हे नाव ज्याने आपल्या काव्यसंग्रहाला दिले, मराठीत 'आनंदभैरवी' आणि कोकणीत 'पांयजणां' ज्याने लिहिले, त्या कवीइतका गोमंतकाच्या रूपाचा भोक्ता दुसरा झाला नाही. तथापि हे रूप एवढे परिपूर्ण आहे की, प्रवाशाने त्याचे चित्रपोस्टकार्ड करून टाकण्याचा धोका असतो. दोष कवीचा नव्हे. बोरकरांच्या निसर्गामागे अध्यात्माची बैठक आहे, ती सोडून केवळ माडांची झावळी उचलणाऱ्या वाचकाचा आहे.

यावर उतारा म्हणजे पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही १९७७ ची कोकणी कादंबरी. घाट उतरून साखळी-डिचोलीच्या पट्ट्यात शिरताच लोहखनिजाच्या खाणींनी पोखरलेले डोंगर दिसू लागतात. शेती सोडून खाणीच्या पैशामागे लागलेले गाव माती कशी गमावते आणि मातीबरोबर घर, नाती आणि देवही कसे गमावते, हे नायकांनी तेव्हाच लिहून ठेवले. बेसुमार खाणकाम थांबविण्यास सर्वोच्च न्यायालयास २०१२ साली आदेश द्यावा लागला आणि २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करावे लागले. कादंबरी त्याआधी कितीतरी वर्षे वाचकांच्या हाती होती. खेडुतांच्या तोंडच्या कोकणीत ती लिहिलेली आहे आणि तिच्या शिवराळपणाने काही सोवळे वाचक बिचकतात. परंतु या कथेस दुसरी भाषा शोभली नसती. तिची उणीव असलीच तर ती वेगळी आहे. ऱ्हासाच्या वेगात पात्रांना श्वास घेण्यास अवसर मिळत नाही, आणि मुळात काय सुंदर होते हे पुरेसे दिसत नाही. म्हणून मी म्हणतो की, बोरकर आणि नायक एकत्रच वाचावेत. नायकांवाचून बोरकर हे स्वप्न ठरतील; बोरकरांवाचून नायकांचा आक्रोश कशासाठी आहे, ते कळणार नाही.

डिचोली हे शणै गोंयबाब यांचे जन्मस्थान. त्यांचे 'गोंयकारांची गोंयांभायली वसणूक' हे १९२८ चे पुस्तक आपल्या समाजाने तर अवश्य वाचावे. सोळाव्या शतकात मूर्ती उचलून नदीपार नेणाऱ्या आणि कुळे घेऊन कारवार-कोचीपर्यंत गेलेल्या पूर्वजांची ती कहाणी. अठराव्या शतकातील मराठी 'कोंकणाख्याना'त हेच स्थलांतर ओवीत सापडते आणि महाबळेश्वर सैल यांच्या 'युग सांवार' या कादंबरीत, तिच्या 'तांडव' या मराठी रूपातही, त्यातील होरपळ कळते. जवळच नार्व्याचे सप्तकोटीश्वराचे देऊळ आहे. दिवाडीवरून विस्थापित झालेल्या कदंबांच्या या देवाचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा बांधविले. देवही कधी निर्वासित होतात, ही जाण ज्या यात्रेकरूला झाली, तो मंगेशी-कवळ्याच्या दर्शनानंतर आजच्या विस्थापितांकडेही निराळ्या नजरेने पाहील.

६

शेवटी पुन्हा माथ्याकडे. ज्या पाण्याचा उल्लेख आरंभी केला, त्यावरून दोन राज्यांत दीर्घकाळ वाद चालला आहे. कळशाचे पाणी मलप्रभेत वळविण्यासाठी कणकुंबीस कालवा खोदला गेला. लवादाने २०१८ साली गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी देऊ केले. आणि तरीही प्रश्न न्यायालयात गेलाच. मलप्रभेच्या खोऱ्यातील तहान खरी आहे आणि म्हादई आटल्यास खाली होणारा अनर्थही खरा आहे. हा निवाडा वाङ्मयाने करावयाचा नाही. पण ज्याने केवळ स्वतःच्या उताराचे वाङ्मय वाचले, त्याला पलीकडची तहान किंवा पलीकडची भीती हे ढोंग वाटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

भाषेचेही तेच. कोकणीस साहित्य अकादमीने १९७५ साली मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या वाटचालीत दोन्ही बाजूंनी बरेच कटू शब्द खर्ची पडले. परंतु बोरकर दोन्ही भाषांत लिहीत राहिले. मराठी कथेत गोमंतक आणणारे लक्ष्मणराव सरदेसाई उतारवयात कोकणीत लिहिते झाले. सैलांनी आपली कादंबरी स्वतःच मराठीत आणली. वॉलकॉट यांनीही इंग्रजीत लिहिताना आपल्या बेटावरील बोलीस दारात उभे केले नाही, तिला आत घेतले. ज्या नियतकालिकाच्या पानांवर या दोन्ही भाषा शेजारी नांदतात, त्याच्या वाचकांना हे अधिक समजावण्याची गरज नसावी.

तेव्हा चैत्रात किंवा माघात कुलदेवतेच्या दर्शनास निघणाऱ्या कुटुंबाने सामानात दोनच पुस्तके ठेवावीत : ज्या उताराने जावयाचे त्याचे एक आणि पलीकडच्या उताराचे एक, शक्य तर एक मराठी, एक कोकणी. मोठ्यांनी ती वाचावीत आणि मुलांना वाचून दाखवावीत. कणकुंबीस माउलीपुढे नारळ ठेवून झाल्यावर, मोटार घाटाकडे वळण्यापूर्वी, पाणी कोणत्या बाजूस जाते आणि त्या बाजूस कोण राहते, हे मुलांनी विचारले, तर ती शिदोरी वाया गेली नाही असे समजावे.